अडकलेल्या पट्ट्या आणि कंट्रोल-एस

लातूरच्या मार्केट यार्डात दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढते आणि दिवाळीच्या तोंडावर गाड्या उभ्या करायला जागा उरत नाही. नेमक्या याच दिवसांत एका आडत दुकानाचं हिशोबाचं काम आठ दिवसांत चार वेळा ठप्प झालं. त्या दुकानाच्या संगणकांचं काम मी बघतो. कारण एका बटणाएवढं होतं, पण ते सापडेपर्यंत शेतकऱ्यांचे पैसे चार-चार दिवस लांबले. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

आधी दुकानातली मांडणी सांगतो. आतल्या केबिनमध्ये एक लिनक्स मशीन आहे आणि त्यावर नुसत्या अक्षरांच्या पडद्याचा जुना हिशोबाचा प्रोग्रॅम चालतो. पेढीवर तीन विंडोज संगणक आहेत. त्यांवरून ‘पुटी’ने, म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा आपल्या खिडकीत दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, या मशीनवर जायचं. पोटलीत (मालाचा नमुना बघून होणाऱ्या लिलावात) भाव निघाला आणि वजन झालं की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, पडते. कट्टे, वजन, भाव, आणि त्यातून हमाली, तोलाई व आधी दिलेली उचल वजा. संध्याकाळी मुनीमकाका ‘दिवसअखेर’ चालवतात. तो प्रोग्रॅम दिवसभराच्या पट्ट्या एकेक करून खतावणीत चढवतो आणि प्रत्येक पट्टीमागे पडद्यावर एक ओळ टाकतो. तो चालू असेपर्यंत खतावणीला कुलूप असतं, दुसऱ्या कुणाला नोंद करता येत नाही. दिवसअखेर पूर्ण झाल्यावरच बँकेला द्यायची यादी निघते. यादी नाही तर शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे नाहीत.

पहिल्यांदा अडकलं तेव्हा ओळी निम्म्यावर येऊन थांबल्या होत्या. बाकीच्या दोन संगणकांवर मेनू उघडत होता, पण पट्टी टाकायला गेलं की ‘खतावणी वापरात आहे, थांबा’ एवढंच यायचं. तीनही पडदे कामाचे उरले नाहीत म्हटल्यावर कुणालाही वाटेल तेच सगळ्यांना वाटलं, की सर्व्हर हँग झाला. बटण दाबून मशीन बंद-चालू केलं. मी विजेवर संशय घेतला, कारण यार्डात संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होतं. यूपीएसची बॅटरी बदलली. दुसऱ्यांदा अडकलं तेव्हा नेटवर्कचा स्विच बदलला आणि रात्री डिस्क तपासली. डिस्क निर्दोष निघाली.

तिसऱ्या वेळी मुनीमकाकांनी वाट बघून बघून खिडकीच्या फुलीवर क्लिक केलं. खिडकी बंद झाली की तिच्यातल्या प्रोग्रॅमला ‘हँगअप’चा सिग्नल जातो, आणि ज्याने त्याची तजवीज केलेली नाही तो प्रोग्रॅम तिथेच मरतो. निम्म्या पट्ट्या खतावणीत चढल्या, निम्म्या राहिल्या. त्या रात्री एक वाजेपर्यंत आम्ही तिघांनी कार्बन प्रती खतावणीशी ताडून बघितल्या. सकाळी औश्याकडचे एक शेतकरी पायरीवर बसलेले होते. “माल घालून चार दिस झाले, अजून खात्यावर काई नाही,” एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि हे मला बॅटरीच्या खर्चापेक्षा जास्त लागलं.

चौथ्या वेळी फोन आला. “दादा, पुन्हा अडकलंय बगा. काईच होईना गेलंय.”

“काका, कशालाच हात लावू नका. मशीनच्या बटणाला नाही, खिडकीच्या फुलीला तर अजिबात नाही. मी आलोच.”

पोचलो तेव्हा पडदा जसाच्या तसा होता. या वेळी मी आधी बघायचं ठरवलं. शेजारच्या संगणकावरून नवी खिडकी उघडली, ती लगेच उघडली. म्हणजे मशीन जिवंत, नेटवर्कही जिवंत. चालू प्रोग्रॅम दाखवणारी ‘पीएस’ ही कमांड चालवून दिवसअखेरची प्रोसेस पाहिली. ती झोपलेली होती. प्रोसेसरवर ताण नाही, डिस्कची वाट बघणंही नाही. ती टर्मिनलवर, म्हणजे त्या खिडकीतल्या अक्षरांच्या पडद्यावर, ओळ लिहायला गेली होती आणि तिथेच थांबली होती. अडकलेल्या खिडकीत पुटीचा स्वतःचा मेनू उघडत होता, मागच्या ओळी वर-खाली सरकत होत्या. जोडणी तुटली असती तर पुटीने थोड्या वेळात तक्रारीची चौकट दाखवली असती. तीही नव्हती.

मग नव्या खिडकीतून त्या अडकलेल्या टर्मिनलच्या सेटिंगा वाचल्या. त्यासाठीची कमांड आहे एसटीटीवाय. तिला ‘वजा ए’ दिलं की सगळं दाखवते, आणि ‘वजा मोठा एफ’ देऊन दुसऱ्या टर्मिनलचं नाव सांगितलं की त्याचं दाखवते. यादीत ‘स्टॉप’समोर कंट्रोल-एस, ‘स्टार्ट’समोर कंट्रोल-क्यू, आणि खाली ‘आयएक्सऑन’, म्हणजे या दोन बटणांनी पडदा रोखण्या-सोडण्याची सोय, चालू. पण टर्मिनल या क्षणी थांबवलेलं आहे की वाहतं आहे, हे एसटीटीवाय कुठेच दाखवत नाही. ते विचारूनच काढावं लागतं.

“काका, अडकायच्या आधी शेवटचं काय दाबलं होतं?”

“काई नाही ओ. नुसतं सेव्ह मारलं.”

डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर, मधलं बोट... नाही, अनामिका एसवर. त्यांनी न बघता करून दाखवलं. तोलाईचा तक्ता ते शेजारच्या खिडकीत एक्सेलमध्ये ठेवतात, आणि एकदा वीज गेल्याने दिवसभराचं काम बुडाल्यापासून दर थोड्या वेळाने सेव्ह करतात. सवय चांगलीच आहे. फक्त त्या वेळी समोर कुठली खिडकी आहे याकडे लक्ष नसायचं.

मी कंट्रोल-क्यू दाबलं. थांबलेल्या ओळी जिथे होत्या तिथून पुढे धावायला लागल्या आणि काही मिनिटांत दिवसअखेर पूर्ण झाली. एकही पट्टी हरवली नाही, कारण प्रोग्रॅमला काही झालेलंच नव्हतं.

लातूरकराला हे समजावणं सोपं आहे. नळाला पाणी आलं नाही म्हणजे टाकी फुटली असं आपण म्हणत नाही. आधी विचारतो, व्हॉल्व्हमनने आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडलाय का? कळफलक आणि प्रोग्रॅम यांच्या मधेही असाच एक जण बसलेला असतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात असतो आणि त्याला लाइन डिसिप्लिन म्हणतात. आपण दाबलेलं प्रत्येक अक्षर आधी त्याच्याकडे जातं. साधं अक्षर असेल तर तो पडद्यावर उमटवतो आणि ओळ पुरी होईपर्यंत आपल्याकडे जपून ठेवतो. बॅकस्पेस आलं तर जपलेल्यातलं शेवटचं अक्षर पुसतो. एंटर आलं की सगळी ओळ प्रोग्रॅमच्या हाती देतो. काही अक्षरं मात्र तो पुढे जाऊच देत नाही, ती त्याला स्वतःला दिलेला हुकूम असतात. कंट्रोल-सी म्हणजे समोरच्या प्रोग्रॅमला थांबण्याचा सिग्नल, कंट्रोल-झेड म्हणजे त्याला बाजूला निजवून ठेवणं, कंट्रोल-डी म्हणजे आता यापुढे माझ्याकडून काही येणार नाही. आणि कंट्रोल-एस म्हणजे पडद्यावर जाणारं सगळं रोखून धर. प्रोग्रॅमला हे कुणी कळवत नाही. तो पुढची ओळ लिहायला जातो, दार बंद दिसतं, आणि उघडेपर्यंत झोपतो. आमच्या बाबतीत तो खतावणीचं कुलूप हातात धरून झोपला, म्हणून बाकीच्या दोन पडद्यांवरही काम थांबलं.

हा हुकूम आला कुठून? १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्राच्या काळातला हा संकेत आहे. ते यंत्र सेकंदाला १० अक्षरं कागदावर छापायचं आणि त्याला भोकं पाडलेली कागदी पट्टी वाचणारं उपकरण जोडता यायचं. ती पट्टी वाचणं सुरू करायला १७ हा संकेत, थांबवायला १९. पुढे कागद जाऊन काचेचे पडदे आले तरी संकेत तेच राहिले. डेक कंपनीच्या १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर तर याच कामासाठी ‘नो स्क्रोल’ नावाचं वेगळं बटण होतं. आजची पुटीसारखी खिडकी त्याच घराण्यातल्या टर्मिनलची नक्कल करते.

आकडे पाठ करायची गरज नाही, ते मांडता येतात. आस्कीत, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, मोठ्या एसचा क्रमांक ८३. कंट्रोल धरलं की त्यातून ६४ वजा होतात, उरले १९. क्यूचे ८१, उरले १७. सीचे ६७, उरले ३. एचचे ७२, उरले ८, म्हणजे बॅकस्पेस. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उपाय. एक मार्ग होता सगळ्यांना कंट्रोल-क्यू शिकवण्याचा. तो मी शिकवलाच, पण हंगामात रात्री नऊ वाजता थकलेल्या माणसाला ते आठवेल याच्या भरवशावर शेतकऱ्यांचे पैसे ठेवणं मला पटलं नाही. दुसरा मार्ग ‘आयएक्सएनी’ चालू करण्याचा, म्हणजे रोखलेला पडदा कुठल्याही बटणाने सुटतो. हा बरा वाटतो, पण अडकल्यावर माणूस जी बटणं दाबतो ती वाया जात नाहीत, ती प्रोग्रॅमसाठी रांगेत जमा होतात. मुनीमकाकांनी त्या दिवशी पाच-सहा वेळा एंटर दाबलं होतं. दिवसअखेर संपल्याबरोबर ती सगळी एंटरं मेनूवर येऊन पडली आणि पडदे भराभर उलटले. ‘पुन्हा चालवायचं का’ या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर ‘नाही’ होतं म्हणून निभावलं. तिसरा मार्ग एकट्या स्टॉपचं बटण ‘अनडेफ’, म्हणजे निकामी, करण्याचा.

मी ‘आयएक्सऑन’च बंद केलं: ‘एसटीटीवाय वजा-आयएक्सऑन’. या दुकानात पडदा मधे रोखून वाचायची गरज कुणालाच नाही, आणि मागच्या ओळी पुटी स्वतःच सरकवून दाखवते. त्याच ओळीत ‘सस्प अनडेफ’ही घातलं, म्हणजे कंट्रोल-झेडही निकामी केलं. कारण ज्या हाताला कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह वाटतं त्याच हाताला कंट्रोल-झेड म्हणजे चूक मागे घेणं वाटतं. टर्मिनलवर त्याने प्रोग्रॅम निजतो, कमांडची ओळ समोर येते, माणूस प्रोग्रॅम पुन्हा सुरू करतो, आणि निजलेला पहिला प्रोग्रॅम कुलूप धरून तसाच पडून राहतो. कंट्रोल-सी मात्र ठेवलं. चुकीचा लांबलचक अहवाल सुरू झाला तर तोडायला ते हवंच. फक्त दिवसअखेरच्या स्क्रिप्टमध्ये ‘ट्रॅप’ लावून ते तेवढ्यापुरतं निष्प्रभ केलं.

माझ्याबरोबर शिकणारा एक मुलगा असतो. त्याने विचारलं, मग प्रिंटरच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमधूनही आयएक्सऑन काढून टाकू का? त्याला मी घाईने थांबवलं. दुकानातला तीन प्रतींचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सिरियल पोर्टवर आहे. त्याची साठवणीची जागा भरली की तो स्वतः १९ पाठवून ‘थांब’ म्हणतो आणि मोकळा झाला की १७ पाठवतो. तिथे आयएक्सऑन बंद केलं तर मशीन त्याचं ऐकणार नाही आणि पट्टीतली अक्षरं, कदाचित वजनाचे आकडे, गळायला लागतील. पेढीवर जे सेटिंग अडचणीचं ठरलं त्याच्याच जिवावर प्रिंटर बरोबर छापतो. एसटीटीवाय ज्या टर्मिनलवर चालवाल त्याच एका टर्मिनलला लागू होते, त्यामुळे दोन्ही ठिकाणी वेगळं ठेवण्यात अडचण काहीच नाही.

ओळ मी त्या तीन वापरकर्त्यांच्या, मशीनवर शिरताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या ‘बॅशआरसी’ फाइलमध्ये घातली आणि घाईत अगदी वर घातली. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या बॅकअपच्या नोंदीत नवा इशारा दिसला, ‘इनअॅप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’. दुसरं मशीन बॅकअप न्यायला जेव्हा नुसती कमांड पाठवतं तेव्हा तिथे टर्मिनल नसतं. टर्मिनलच नाही तर एसटीटीवायने कशाची सेटिंग बदलायची? बॅकअप बिघडला नव्हता, पण नोंदीत रोज खोटा इशारा राहिला तर खऱ्या इशाऱ्याकडे कुणी बघत नाही. ओळीच्या आधी एक अट लावली: चौकोनी कंसात ‘वजा-टी’ आणि शून्य, म्हणजे इनपुटच्या जागी खरोखर टर्मिनल असेल तरच पुढचं चालव. इशारा गेला.

त्याहून महत्त्वाचा बदल दिवसअखेरीत केला. पट्टीमागे येणारी ओळ आता लॉग फाइलमध्ये जाते, पडद्यावर फक्त शेवटी एकूण पट्ट्यांचा आकडा येतो. आणि ते सगळं ‘टीमक्स’मध्ये चालतं, त्यामुळे कुणी फुलीवर क्लिक केलं तरी काम मागे चालूच राहतं आणि पुन्हा जोडून बघता येतं. एवढ्या महत्त्वाच्या कामाचा जीव एका खिडकीला टांगलेला असणं हीच मुळात चूक होती, आणि ती मी वर्षानुवर्षं चालू दिली.

प्रकरण इथे संपलं असतं. पण सेटिंगा बघत असताना मधल्या संगणकावर बसणाऱ्या मुलीने सांगितलं, “सर, माझ्याकडं बॅकस्पेस दाबलं की टोपी आणि एच उमटायलंय. पहिल्यापासूनच तसं हाय. पण नाव नंतर बरोबर दिसतं, म्हणून सांगितलं नाही.”

टोपी म्हणजे ^ ही खूण, कंट्रोलची. तिच्या पुटीत बॅकस्पेसचं बटण कंट्रोल-एच, म्हणजे ८ पाठवत होतं. मशीनवर मात्र ‘इरेज’चं अक्षर १२७ ठरलेलं होतं. हा १२७ही कागदी पट्टीच्या काळातला. चुकलेल्या अक्षरावर सातही भोकं पाडली की ते रद्द, आणि सात भोकं म्हणजे १२७. लाइन डिसिप्लिनला १२७ हवा होता. ८ आला तेव्हा त्याने ते साधं अक्षर समजून नावात ठेवून दिलं.

एक नोंद उघडून पाहिली. रोमन अक्षरांत ‘शिंदे’ लिहिताना एसनंतर एचऐवजी शेजारचा जे पडला होता, मग बॅकस्पेस, मग एच. फाइलमध्ये हे सगळं होतं: एस, जे, ८, एच आणि पुढची अक्षरं. पडद्यावर दाखवताना ८ आला की कर्सर एक घर मागे जातो आणि एच जेच्या जागी बसतो, म्हणून नाव अगदी बरोबर दिसतं. छापील पट्टीवर मात्र प्रिंटरचं डोकं मागे येऊन त्याच जागी दुसरं अक्षर ठोकतं. कपाटातून पट्टी काढली तर दुसरं अक्षर काळपट, गिचमिड, जे आणि एच एकावर एक. सगळ्यांनी ते रिबन जुनी झाल्याचं लक्षण मानलं होतं.

शोधताना प्रोग्रॅमला ‘शिंदे’ सापडायचे नाहीत, कारण त्याच्या लेखी ते नाव वेगळंच होतं. मग पेढीवर त्यांचं नवं खातं उघडलं जायचं. उचल एका खात्यात, पट्टी दुसऱ्यात.

पुटीच्या कीबोर्डच्या पानावर बॅकस्पेस १२७वर आणलं. एसटीटीवायने इरेज बदलूनही चाललं असतं, पण मग तीच मुलगी शेजारच्या संगणकावर बसली की उलटा घोळ झाला असता. जुन्या नोंदी शोधायला ‘कॅट वजा-व्ही’ कामाला आलं, ते लपलेलं अक्षर टोपी आणि एच असं उघड दाखवतं. दुरुस्तीला ‘कॉल वजा-बी’. ते प्रत्येक जागी शेवटी पडलेलं अक्षर ठेवतं आणि बॅकस्पेस काढून टाकतं. पण मूळ फाइलवर ते थेट चालवलं नाही. प्रत घेतली, जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी छापलं, आणि मुनीमकाकांनी दोन दुपारी बसून प्रत्येक नावावर बरोबरची खूण केली. गावानिशी माणूस ओळखणारे तेच एकटे होते.

जोड-खाती एक करताना काहींची उचल वजा व्हायची राहिलेली निघाली. ती मालकांनी पुढच्या हंगामावर टाकली. तीन खाती उलटी निघाली: उचल फेडून झालेली होती, पण जुन्या खात्यावर ती येणं म्हणून दिसत असल्याने पुढच्या पट्टीतून पुन्हा कापली गेली होती. त्या तिघांना मालकांनी स्वतः फोन केला आणि रक्कम दुसऱ्या दिवशीच्या यादीत घातली. त्यात पायरीवर बसलेले औश्याचे शेतकरीही होते.